कॉम्प्युटरची कुरकुर अंगावर काढू नका

मिक्सर वेगळ्या आवाजात फिरू लागला की गृहिणी तो ताबडतोब बंद करते. स्कूटरमधून खडखड येऊ लागली की ती त्याच आठवड्यात मेकॅनिककडे जाते. इमारतीचा पाण्याचा पंप जड घुमू लागला तर दुसऱ्या दिवशी सोसायटीत विचारपूस सुरू होते. पण टेबलाखालच्या कॉम्प्युटरने महिनाभर घरघर केली तरी कोणी मनावर घेत नाही. मुलगा कानाला हेडफोन लावतो, आजी टीव्हीचा आवाज वाढवते आणि वडील म्हणतात, ‘‘जुना झालाय. चालतोय तोवर चालू दे.’’

मग एक दिवस बटण दाबल्यावर नेहमीचे चित्र येतच नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात. कॉम्प्युटरला त्याची हार्ड डिस्क सापडत नसते. तेव्हा कुठे घरातल्यांना एकेक गोष्ट आठवू लागते. थोरलीच्या लग्नाचे फोटो, आजोबांच्या पंचाहत्तरीचे चित्रण, शिकवणीच्या मुलांच्या फीचा हिशेब, आयकराची कागदपत्रे असे सारे त्याच डब्यात होते. दुरुस्तीला आलेला तरुण पहिलाच प्रश्न विचारतो, ‘‘आधी काही आवाज येत होता का?’’ उत्तर ठरलेले असते, ‘‘येत होता, पण पंख्याचा असेल असं वाटलं.’’

असे प्रसंग अनेक घरांत घडतात. खरे तर कॉम्प्युटरमधून येणारे बहुतेक आवाज किरकोळ दुखण्याचे असतात. ब्रशने धूळ झटकून किंवा काही शे रुपयांचा नवा पंखा बसवून ते बरे होतात. एक आवाज मात्र असा आहे की जो ऐकू आल्यावर उद्याची वाट पाहू नये. तो कोणता आणि किरकोळ कोणते, हे कोणत्याही यंत्रशिक्षणाशिवाय घरच्या माणसाला कानाने ओळखता येते.

डब्यात हलते तरी काय?

बहुतेक घरांत ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात त्या पेटीचे, म्हणजे कॅबिनेटचे, आतले जग तसे शांतच असते. विजेचे काम निमूटपणे चालते. सतत आवाज येतो तो मुख्यतः हलणाऱ्या वस्तूंचा आणि त्या मोजक्याच असतात. पहिली वस्तू म्हणजे पंखे. एक प्रोसेसरवर, एक वीजपुरवठ्याच्या डब्यात (दुकानदार याला एसएमपीएस म्हणतात), एकदोन कॅबिनेटच्या भिंतीवर आणि खेळांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यावर. दुसरी वस्तू सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे हार्ड डिस्क. म्हणूनच तपास सोपा आहे. आवाज कोठून येतो, केव्हा येतो आणि कसा येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक निदान झालेच.

कागदाची नळी कानाला

१८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांपुढे एक पेच होता. तरुण स्त्रीच्या छातीला कान लावून ठोके ऐकणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले आणि दुसरे कानाला लावले. ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. आजच्या स्टेथोस्कोपचा जन्म तिथला.

हीच युक्ती कॉम्प्युटरला लागू पडते. वर्तमानपत्राची घट्ट नळी करावी, घरातला पंखा आणि टीव्ही बंद करावा आणि नळीचे टोक कॅबिनेटच्या बाहेरून निरनिराळ्या जागी टेकवून ऐकावे. मागच्या बाजूला, विजेची जाड वायर जिथे खोचली जाते तिथे आवाज मोठा असेल तर तो एसएमपीएसचा पंखा. बाजूच्या पत्र्याच्या मध्यावर मोठा असेल तर बहुधा प्रोसेसरचा पंखा. समोरच्या बाजूला वरच्या भागात डीव्हीडी ड्राइव्ह असतो आणि त्याखाली, पुष्कळदा अगदी तळाशी, हार्ड डिस्क. काही नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

यानंतर वेळ पाहावी. कॉम्प्युटर सुरू होताना येणारा आणि पाच मिनिटांनी थांबणारा आवाज बहुधा पंख्याच्या सुकलेल्या बेअरिंगचा असतो. काम वाढले की वाढणारा आवाज उष्णतेचा असतो. एखादी फाइल उघडताना, फोटो पाहताना किंवा सुरुवातीला सारे लोड होताना येणारा आवाज डिस्कचा असण्याची शक्यता अधिक.

आधी शेजारीपाजारी पाहा

कॅबिनेट उघडण्याआधी आवाज नक्की त्यातूनच येतो ना, याची खात्री करावी. वीज गेल्यावर ठरावीक अंतराने येणारी ‘पी... पी...’ बहुधा यूपीएसची असते. बॅटरी संपत आली की हीच पी-पी घाईघाईने होऊ लागते. वीज असतानाही यूपीएस ओरडत असेल तर त्यावर भार जास्त झाला आहे किंवा त्याची बॅटरी थकली आहे. नेमका अर्थ त्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा.

स्पीकरमधून मध्येच ‘टर्र टर्र’ येते आणि दोन क्षणांनी मोबाइल वाजतो, हा अनुभव अनेकांना आहे. टू-जी मोबाइल आपले संदेश सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत फेकतो आणि स्पीकरच्या तारा ते झेलतात. फोन दोन हात दूर ठेवला की ही तक्रार संपते. स्पीकरची सततची गुणगुण बहुधा अर्थिंगच्या दोषामुळे येते. अशा वेळी वायरमनला बोलवावे, कॉम्प्युटरवाल्याला नव्हे.

तडतड ऐकू आली किंवा जळका वास आला तर मात्र तपास करत बसू नये. आधी भिंतीवरचे बटण बंद करावे.

पंख्याची घरघर आणि टिकटिक

आपल्याकडच्या घरांत सर्वाधिक आढळणारा आवाज म्हणजे ‘घूंऽऽ’. त्याचे मूळ बहुतेक वेळा धूळ असते. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो. तो उष्णता शोषतो आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. त्या पट्ट्यांमध्ये धुळीची गादी बसली की वारा आत शिरत नाही. प्रोसेसर तापतो आणि त्याला थंड करण्यासाठी पंखा जोरात फिरू लागतो. तरीही ताप उतरला नाही तर प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि अखेर कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो. तेव्हा ‘कॉम्प्युटर हळू झालाय आणि आवाजही करतोय’ या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच दुखण्याच्या असतात.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा पंख्याने थोडा अधिक आवाज करणे स्वाभाविक आहे. त्यात भर घालू नये. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून किंवा हौसेने शिवलेले कापडी कव्हर अर्धवट काढून चालवणे म्हणजे तापलेल्या माणसावर रजई घालणे होय. मागे-पुढे वीतभर मोकळी जागा सोडावी.

‘टिक-टिक-टिक’ असा अगदी नियमित, भरभर येणारा आवाज म्हणजे एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागत असते. वायर बाजूला करून बांधली की काम झाले. ‘कर्रऽऽ’ असा कोरडा आवाज बेअरिंगचा. काहीजण पंख्यावरचे स्टिकर उचलून शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब सोडतात. त्याने काही आठवडे निघतात, पण पंखा नवा बसवणेच शहाणपणाचे. खोबरेल तेल मात्र चुकूनही घालू नये. थंडीत ते थिजते आणि पंखा अडकतो. पत्र्याची ‘थरथर’ असेल तर कॅबिनेटचा एखादा स्क्रू सैल झालेला असतो. हाताने हलकेच दाबल्यावर ती थांबते का पाहावे.

आणखी एक आवाज आपल्या घरांतलाच, तो म्हणजे खसखस. मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचांवरच्या पट्ट्या हरवल्या असतील तर त्या भोकांतून झुरळे, पाली, क्वचित उंदराचे पिल्लूही उबेला आत जाते. पट्ट्या लावून घ्याव्यात.

सफाई करायची तर कॉम्प्युटर नेहमीच्या पद्धतीने बंद करून प्लग काढावा. मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. मऊ कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा वाऱ्याने गरागरा फिरून बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण उडतात. ओले फडके तर नकोच. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहू शकते.

शिट्टी आणि बीप

काही कॉम्प्युटरमधून अगदी बारीक ‘चींऽऽ’ अशी शिट्टी येते. विशेषतः मुले खेळ खेळत असताना ती जाणवते. घरातल्या मोठ्यांना ती ऐकूही येत नाही, मुलांना मात्र येते. वय वाढते तसे उंच सूर ऐकण्याची शक्ती कमी होते, म्हणून असे होते. विजेच्या भागांतल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून जोराचा प्रवाह जाताना ती वेटोळी सूक्ष्म थरथरतात, त्याचा हा आवाज. तो त्रासदायक असला तरी सहसा धोक्याचा नसतो.

बीपचे तसे नाही. बीप हा बिघाडाचा आवाज नसून कॉम्प्युटरचे बोलणे आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या ‘पीसी’पासून ही रीत आहे. सुरू होताच यंत्र स्वतःची तपासणी करते आणि सारे ठीक असेल तर एक छोटी बीप देते. पडद्यावर काही येत नसेल आणि बीप पुन्हा पुन्हा होत असेल तर मेमरी, म्हणजे रॅमची पट्टी, किंवा ग्राफिक्स कार्ड नीट बसलेले नसण्याची शक्यता असते. पावसाळी दमट हवेत पट्टीच्या टोकांवर मळ चढतो. ती काढून, टोके साफ करून पुन्हा घट्ट बसवली की यंत्र पुष्कळदा सुरू होते. बीपची भाषा कंपनीगणिक वेगळी असते. म्हणून किती लांब आणि किती आखूड बीप झाल्या, ते कागदावर लिहून मेकॅनिकला सांगावे. कित्येक नव्या कॉम्प्युटरमध्ये बीपऐवजी छोटे दिवे लागतात.

‘टक्... टक्... टक्...’

आता तो एक आवाज. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. घरगुती डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात. ७२०० फेऱ्यांच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये चकतीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिच्यावर वाचन-लेखन करणारा बारीक ‘हेड’ चकतीला न टेकता तरंगतो. दोहोंमधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. जुन्या रेडिओला चापट मारून सुरू करण्याची सवय म्हणूनच इथे महागात पडते. २००८ सालच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतले अभियंता ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कजवळ तोंड नेऊन मोठ्याने आरडाओरडा केला आणि तेवढ्यानेही डिस्कचे काम मंदावलेले आलेखावर दिसले. जिथे ओरडा सोसत नाही तिथे चापटीची काय कथा!

निरोगी हार्ड डिस्कही आवाज करते. फाइल उघडताना येणारी हलकी, अनियमित ‘कुरकुर’ म्हणजे हेडची ये-जा. ती नेहमीची. पण ‘टक्... टक्... टक्...’ असा ठळक, ठरावीक अंतराने येणारा आवाज वेगळा. त्याचा अर्थ बहुधा असा, की हेडला आपली जागा सापडत नाही. तो मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा चुकतो. कधी कधी सैल वायर किंवा दुबळा एसएमपीएस हेही कारण असते, पण ते ठरवणे जाणकाराचे काम. डिस्क फिरायला लागून पुन्हा पुन्हा थांबत असेल किंवा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी ‘खर्रऽऽ’ येत असेल तर दुखणे अधिकच गंभीर. हेड चकतीला घासत असेल तर दर फेरीला त्यावर नोंदलेले काहीतरी कायमचे खरवडले जाते.

अशा वेळी काय करावे?

खर्र आवाज येत असेल किंवा डिस्क दिसतच नसेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करावा आणि ‘बघू या एकदा’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्न उरलेले वाचवण्याची संधी कमी करतो. नुकतीच टकटक सुरू झाली असून फाइली उघडत असतील तर बाकी सर्व कामे थांबवावीत आणि बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह जोडून नकला काढाव्यात. पण क्रमाने. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते. म्हणजे घरचे फोटो, चित्रण, हिशेब, कागदपत्रे. सिनेमे, गाणी आणि प्रोग्रॅम पुन्हा मिळतात, त्यांच्यासाठी डिस्कचे शेवटचे श्वास खर्च करू नयेत.

डिस्क दुरुस्त करण्याचे, जागा नीट लावण्याचे किंवा फॉरमॅटचे प्रोग्रॅम या वेळी चालवू नयेत. थकलेल्या डिस्कला ते धावायला लावतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, आत पाण्याचा अंश धरतो. तिचे झाकण घरी उघडणे म्हणजे सर्वनाशच. धुळीचा एक कणही हेडच्या दृष्टीने डोंगराएवढा असतो. माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि त्या धूळमुक्त खोलीत हे काम करतात. पण त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो आणि यशाची हमी नसते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम ती नोंद दाखवतो. पिवळा रंग सावधानतेचा, लाल धोक्याचा. २००७ साली गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे पहिली सूचना हीच धोक्याची घंटा.

शांतताही फसवी

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी सर्वांत भरवशाच्या मानलेल्या चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये बसवल्या जाणाऱ्या एसएसडीत तर हलणारा भागच नसतो. ती वेगवान असते, निःशब्द असते आणि बंद पडतानाही आवाज करीत नाही. पुष्कळ घरांत एसएसडी नवी बसवलेली असते, पण फोटो मात्र जुन्या हार्ड डिस्कवरच राहिलेले असतात, हेही तपासावे.

म्हणून यावरचा खरा उपाय कानाच्या हाती नसून नकलांच्या हाती आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’चा नियम घरालाही सोयीचा आहे. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, दुसरी कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत किंवा बहिणीच्या घरी. घरात दागिन्यांसाठी बँकेचे लॉकर घेतले जाते. दागिने पुन्हा घडवता येतात, आजोबांचा आवाज नाही.

येत्या रविवारी घरातल्या कोणीतरी पंधरा मिनिटे काढावीत. पंखे बंद करून, कागदाची नळी कानाला लावून कॉम्प्युटरचा रोजचा आवाज एकदा नीट ऐकून ठेवावा. निरोगी आवाज ओळखीचा असला की बिघडलेला लगेच कळतो. आणि तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्या मुलाला फोटोंची नक्कल सुरू करायला सांगावे. पुढे कधी ‘टक्... टक्...’ ऐकू आलेच, तर घरात धावपळ होईल ती फक्त नवी डिस्क आणण्यापुरती.